बारा वाजेपर्यंत आक्षेप नसल्यास

आमच्या वन्सं निवृत्त होऊन घरी आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर सतरा ट्रंका, एक छत्री आणि एक सवय आली. ट्रंका माळ्यावर गेल्या, छत्री पहिल्याच आठवड्यात बसमध्ये राहिली. सवय तेवढी घरात मुक्कामाला राहिली. कुणालाही "नाही" म्हणायचं नाही, ही ती सवय.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. परराष्ट्र खात्यात पस्तीस वर्षं नोकरी, चार देशांत नेमणुका, आणि शेवटची सहा वर्षं तर राजदूत. ज्या देशात राजदूत होत्या तो नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढाच, पण राजदूत तो राजदूत. गाडीवर झेंडा होता. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना राजदूतबाई म्हणते. मी वन्सं म्हणते. मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दारावर बटाटेवाला येतो. "बाई, पाच किलो घेऊन टाका, स्वस्तात लावतो," म्हणतो. यावर तुम्ही-आम्ही काय म्हणू? नको म्हणू. वन्सं म्हणायच्या, "तुमच्या प्रस्तावाचं मी मनापासून स्वागत करते. योग्य त्या पातळीवर त्याचा जरूर विचार होईल." आता ही योग्य पातळी म्हणजे मी, आणि मी असायची आत, पोळपाटापाशी. तो बिचारा पायरीवर बसून विचार होण्याची वाट बघायचा. शेवटी मी आतून "नको रे बाबा!" म्हणून ओरडले की त्याची सुटका व्हायची. पुढे पुढे तो दार वाजवतानाच विचारायला लागला, "काकू आहेत का?"

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचे धुतलेले कपडे आमच्या खिडकीवर ठिबकायचे. मी चौदा वर्षं दर आठवड्याला जिन्यात उभी राहून त्यांच्या नावाने शंख करत होते, आणि त्याचा आठवडाभर उपयोगही व्हायचा. वन्संनी मला थांबवलं आणि पत्र लिहिलं. पत्रात "तीव्र चिंता" होती. डॉक्टरांचं उत्तर आलं, चिंतेची नोंद घेतली आहे. अशी पाच पत्रं वर गेली आणि पाच खाली आली. मग वरचा मजला आणि खालचा मजला यांच्या मधोमध, जिन्याच्या वळणावर, कारण ती जागा कुणाचीच नाही, एक टेबल मांडून करार झाला. दोन प्रती, दोन पेनं. सह्या झाल्यावर दोघांनी पेनांची अदलाबदल केली आणि मी टाळ्या वाजवल्या, कारण मला वाजवायला सांगितलं होतं. कपडे अजून ठिबकतात. पण आता ते करारानुसार, मंगळवारी आणि शुक्रवारी ठिबकतात.

जेवणाच्या टेबलाचीही तीच गत. आम्ही माणसं तीन, तरी प्रत्येक ताटापुढे नावाची चिठ्ठी. मानाप्रमाणे क्रम लागायचा आणि आमच्या ह्यांचा नंबर स्वतःच्याच घरात तिसरा यायचा. लेक आणि तिची तीन वर्षांची मुलगी राहायला आली की पाहुणे म्हणून त्या दोघी वर चढायच्या आणि हे थेट पाचवे. ह्यांचं आयुष्य पोस्टाच्या काउंटरमागे गेल्यामुळे रांगेचं त्यांना काही वाटत नसावं. मुकाट्याने जेवायचे.

आणि मुकाट्याने राहणं हेच या घरात महागात पडतं, कारण वन्संचा नियम. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये म्हणे एक पद्धत असते. मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि खाली एक वेळ लिहायची. त्या वेळेच्या आत कुणी लेखी आक्षेप घेतला नाही, तर मसुदा सगळ्यांना मान्य. एकाने जरी आक्षेप घेतला तरी सगळं थांबतं. याला ते लोक "मौन मोडणं" म्हणतात. शंभर देशांचं भांडण मिटवायला काढलेली ही युक्ती वन्संनी आमच्या फ्रिजच्या दारावर आणून चिकटवली. "हॉलचे पडदे मोहरीच्या रंगाचे करण्याचा विचार आहे. शुक्रवार दुपारी बारापर्यंत आक्षेप नसल्यास मंजूर." ह्यांना फ्रिजचं दार वाचायची सवय नाही, त्यामुळे ह्यांची स्कूटर गेली. जुनी होती, पण होती. अनाथाश्रमाच्या ऑफिसला देऊन टाकली. दोन दिवस हे खाली जाऊन रिकाम्या जागेकडे बघत होते.

पडद्यांवर मी लेखी आक्षेप घेतला होता. वन्संनी मला चहाला बोलावलं, म्हणजे चहा मीच केला आणि ट्रे घेऊन त्यांच्या खोलीत गेले. तीन तास बोलणी झाली. माझं म्हणणं त्यांनी इतकं नीट ऐकून घेतलं, इतक्या वेळा "हा मुद्दा फार मोलाचा आहे" म्हणाल्या, की बाहेर आले तेव्हा मोहरीचा रंग ही मुळात माझीच सूचना होती आणि मी त्याबद्दल त्यांचे आभार मानत होते. त्यानंतर मी आक्षेप घ्यायचं सोडून दिलं. इतरांचंही असंच झालं असावं.

आता इतकी चेष्टा केली तर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

वन्सं नोकरीत नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. पहिल्याच मोठ्या परिषदेला गेल्या, तर तिथल्या यजमानांनी यादीत बाईचं नाव बघून त्यांना बायकांच्या सहलीत घातलं. म्हणजे पुरुष बंद खोलीत वाटाघाटी करणार आणि त्यांच्या बायका काचेचा कारखाना बघायला जाणार, त्या बसमध्ये वन्सं. दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा भांडली असती. वन्सं गेल्या. दिवसभर बायकांबरोबर हिंडल्या, एक फुलदाणी विकत घेतली आणि परत येऊन वरिष्ठांना सहा पानांचा अहवाल दिला. कुठला देश कुठे अडून बसणार, कुणाला घरी जायची घाई आहे, कोण नुसता आव आणतोय, सगळं त्यात होतं. बंद खोलीतल्यांना आठवडाभरात जे कळलं नव्हतं ते बसमधल्या बायकांना तोंडपाठ होतं. वन्संचं मत तेव्हापासून पक्कं झालं. बायकांना सगळं माहीत असतं, फक्त त्यांना बोलायला खुर्ची नसते.

त्याच परिषदेत शेवटच्या दिवशी मसुदा आला. बारापर्यंत आक्षेप नसल्यास मंजूर. लहान होड्या घेऊन मासेमारी करणाऱ्यांचं त्यात नुकसान होतं. वरिष्ठ साहेब जेवायला गेलेले, हाताखालचे साहेब वरिष्ठांना शोधायला गेलेले. वन्संचं पद इतकं खालचं की त्यांना सही करायचा अधिकार आहे की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. बाराला सात मिनिटं कमी असताना त्यांनी एक ओळ लिहून दिली, "आमचा आक्षेप आहे." सगळी परिषद दोन दिवस लांबली. साहेबांनी आधी झापलं, मग मसुदा वाचला, मग बढतीची शिफारस केली.

ही गोष्ट वन्सं प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगतात आणि शेवटी बोट वर करून म्हणतात, "बायांनो, बाराच्या आत तोंड उघडा!"

वर्ग म्हणजे त्यांच्या संस्थेचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यभराची पुंजी ओतून आमच्याच इमारतीचा तळमजला घेतला आणि बायकांनी पुढारीपण कसं करावं हे शिकवणारी संस्था काढली. सभा कशी चालवायची, मुद्दा कसा मांडायचा, खुर्चीवर बसल्यावर संकोचाने कडेला सरकायचं कसं नाही. फी नाही, उलट लांबून येणारीला बसभाडं संस्था देते. बावीस वर्षांत चारशेच्या वर बाया शिकून गेल्या. एक आज मोठ्या इस्पितळाची मेट्रन आहे. एक बस डेपोची मॅनेजर, दीडशे ड्रायव्हर तिच्या हुकमात. एक वकीलीणबाई तर कोर्टात उभी राहिली की समोरचा वकील आधीच तडजोडीचं विचारतो. हे सगळं वन्संनी केलं. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

माझं काम होतं टायपिंग, चहा, बिस्किटं आणि खुर्च्या पुसणं. तशी मी कमिटीतही होते, पण ते अपघाताने. संस्थेची नोंदणी करायला सात सभासदांच्या सह्या हव्या होत्या. सहा बायका जमल्या, सातवी आलीच नाही, म्हणून वन्संनी मला वरून हाक मारली. मी खाली आले तर काय, कागद कोरा. सहाही जणी नोंदणीआधीच वन्संच्या तालमीत तयार झालेल्या, त्यामुळे "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" यात अर्धा तास गेलेला. माझं दूध गॅसवर होतं. मी पेन ओढलं, पहिल्या ओळीवर सही ठोकली आणि वर पळाले. दूध तरी उतू गेलंच.

तर यंदाची गोष्ट. वन्संना एक्क्याऐंशीवं लागलं आणि एक दिवस त्यांनी मला टाइप करायला कागद दिला. "येत्या एक तारखेपासून अध्यक्षपद सोडण्याचा माझा मानस आहे. शुक्रवार दुपारी बारापर्यंत कुणाचा लेखी आक्षेप नसल्यास मंजूर."

मी टाइपरायटरवरचे हात उचलले. "वन्सं, खरंच सोडताय?"

"अगं, कसलं खरंच! ही रीत असते. मोठ्या माणसाने अधूनमधून जायची तयारी दाखवायची, बाकीच्यांनी जाऊ नका म्हणायचं. मग आपण आग्रहाखातर थांबायचं. त्याने मान वाढतो."

"आणि कुणी नाहीच म्हणालं जाऊ नका, तर?"

"बारा जणींची कमिटी आहे. एक आक्षेप पुरतो." त्या हसल्या. "तू टाइप कर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या मनात आलं. टाइप केलं, बाकी अकरा जणींना पाठवलं आणि खाली जिन्याच्या पायथ्याशी आक्षेपपेटी ठेवली. पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेला.

सोमवार गेला. मंगळवारी काही नाही. बुधवारी डब्यात कागद पडल्याचा आवाज झाला आणि वन्सं एक्क्याऐंशीव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेल्या. कागद डॉक्टरांचा होता. घरी पाहुणे असल्याने या आठवड्यापुरती गुरुवारी कपडे वाळत घालण्याची विशेष परवानगी मिळावी. वन्संनी उभ्या उभ्या परवानगी दिली आणि हळूहळू वर आल्या.

गुरुवारी त्या जेवल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की हा रीतीचा खेळ राहिलेला नाही. संस्था गेली तर या बाईजवळ काही उरणार नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, झेंड्याची गाडी केव्हाच परत गेलेली. होती ती ती एक खुर्ची.

शुक्रवारी साडेअकराला मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. ओट्यावर, गॅसच्या बाजूला, एक कोरा कागद आणि पेन ठेवलेलं दिसलं. वन्सं दारात आल्या.

"अगं, हे पेन कुणाचं म्हणायचं?"

"तुमचंच आहे की."

"हो का? बरं चालतं का गं?"

"चालत असेल."

"तू चालवून नाही पाहिलंस?"

मी बटाटा सोलत राहिले. खरं सांगते, माझा हात दोनदा कागदाकडे गेला. मायेने गेला आणि स्वार्थानेही गेला, कारण वन्संची खुर्ची गेली की त्या दहा ते पाच माझ्या स्वयंपाकघरात बसणार, आणि मग मीठ किती घालायचं याचाही मसुदा निघणार. एक ओळ लिहिली की काम झालं असतं.

पण मला डेपोवाल्या बाई आठवत होत्या. वन्संचे वर्ग सकाळी अकराला भरतात, कारण परिषदा अकराला भरतात. आता ज्या बाईला कुठेतरी पुढारीपण करायचंय ती सकाळी अकराला कामावर असणार की नाही? हल्ली वर्गात तीस खुर्च्या आणि सात बायका. त्यातल्या तिघी निवृत्त, दोघी बिस्किटांसाठी येतात. मागच्या महिन्यात कमिटीच्या सभेत डेपोवाल्या बाई उभ्या राहिल्या, "मॅडम, वर्गाच्या वेळेचं जरा..." इतकंच म्हणाल्या. वन्संनी प्रेमाने त्यांच्याकडे पाहिलं आणि "हा मुद्दा फार मोलाचा आहे," म्हणाल्या. डेपोवाल्या बाई "काही नाही" म्हणून खाली बसल्या. दीडशे ड्रायव्हरांना धाकात ठेवणारी बाई! आणि मी? मी आठ वर्षं रिकाम्या खुर्च्या पुसत होते आणि गप्प होते.

बाराला दहा कमी होते. वन्सं ओट्याला टेकल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"लिही ना गं एक ओळ."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही सरळ मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"नाही, वन्सं," मी म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, मान हलवून म्हणाले, कारण माझा माझ्या आवाजावर भरवसा नव्हता.

"म्हणजे सध्या नाही, की तत्त्वतः..."

"नाही म्हणजे नाही. तुम्ही खुर्चीवर आहात तोवर कुणी तोंड उघडणार नाही. अकराचा वर्ग कुणालाच जमत नाही. आठ वर्षं जमत नाही. डेपोवाल्या बाई सांगायला उठल्या होत्या, तुम्ही त्यांना मोलाचं म्हणून खाली बसवलंत."

"मला हे कुणी सांगितलंच नाही."

"तेच म्हणतेय मी."

त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि खाली गेल्या. मी हात पुसून मागोमाग गेले. बाराचे ठोके संपेपर्यंत त्या पेटीपाशी उभ्या राहिल्या. झाकण उघडलं. आत काही नव्हतं. रजिस्टरमध्ये त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "आक्षेप नाही. मंजूर." सही केली आणि मग मात्र जिन्याच्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले. मला फार वाईट वाटत होतं आणि केलं ते बरोबर केलं असंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

पाच मिनिटंही झाली नसतील, इमारतीच्या दारातून अकरा बायका एकदम आत शिरल्या. पुढे काळ्या कोटातल्या वकीलीणबाई, मागे मेट्रन, त्यांच्यामागे युनिफॉर्ममध्ये डेपोवाल्या बाई. प्रत्येकीच्या हातात घडी घातलेला कागद.

"तुम्ही सगळ्या कुठे होतात?" वन्संनी विचारलं.

"समोरच्या बसस्टॉपवर," वकीलीणबाई म्हणाल्या. "अकरा वाजल्यापासून. नऊ बसगाड्या सोडल्या. एका कंडक्टरने शिव्या दिल्या, त्याचा नंबर डेपोवाल्या बाईंनी लिहून घेतलाय."

"मग आत का आला नाहीत?"

अकरा जणी गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या. "मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना," मेट्रन म्हणाल्या. "ज्येष्ठ सभासद बोलल्याशिवाय कनिष्ठाने बोलायचं नाही. आम्ही पहिल्या नंबरची वाट बघत होतो."

"पहिला नंबर कोण?" मी विचारलं.

अकरा बोटं माझ्याकडे वळली.

"नोंदणीच्या कागदावर पहिली सही तुमची आहे, काकू," वकीलीणबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं तुम्ही पहिल्या, मी दुसरी. तुम्ही टाकलात की मी टाकणार, मग बाकीच्या. स्टॉपवरून तुमची खिडकी दिसते. दहा कमी असताना तुम्ही मॅडमकडे बघून मान हलवलीत. आम्ही म्हटलं, झाला निर्णय."

मी एका म्हाताऱ्या नणंदेला, माझ्या ओट्यापाशी, एक खासगी नाही म्हटलं होतं. ते रस्त्यापलीकडे अकरा जणींनी पाळलं होतं.

मेट्रनने आपला कागद वन्संच्या हातात कोंबला. "मॅडम, घ्या हो. पाच मिनिटांनी काय बिघडतंय!"

वन्सं कागदाकडे बघत राहिल्या. मला त्यांची नस न् नस माहीत आहे. त्यांना तो कागद हवा होता. मग त्यांनी डेपोवाल्या बाईंना विचारलं, "तूही लिहिलास आक्षेप?"

"लिहिला, मॅडम." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण स्टॉपवर उभं राहून मी मनात म्हणत होते, काकूंनी टाकू नये."

वन्संनी मेट्रनचा कागद तिला परत दिला. "बारा वाजून गेले, बायांनो."

वकीलीणबाईंनी घसा साफ केला. त्या असल्या वेळी गप्प बसूच शकत नाहीत. "नियमाप्रमाणे अध्यक्षपद रिकामं झालं की निवडणूक होईपर्यंत ज्येष्ठ सभासद खुर्ची घेतो."

पुन्हा अकरा बोटं. मी मागे वळून बघितलं, मागे भिंत होती.

"छे! काहीतरीच! मला काय कळतंय त्यातलं? माझे बटाटे पाण्यात आहेत."

"आक्षेप आहे का तुझा?" वन्संनी विचारलं. डोळे ओले होते, पण आवाजात मजा आली होती. "लेखी लागतो. बाराच्या आत." मग माझा हात धरून म्हणाल्या, "चार देश हिंडून मी बाया शोधल्या गं. आणि तुझ्याकडे बावीस वर्षं नुसता चहा मागितला."

"काखेत कळसा," वकीलीणबाई हळूच म्हणाल्या.

मला नेऊन खुर्चीत बसवलं. वन्संनी ती परदेशातून आणलेली, उंच पाठीची. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. अकरा जणी समोर बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून सवयीने मी चहा करायला उठले.

"तू बस," वन्सं म्हणाल्या. "मी करते."

पंचवीस मिनिटं लागली. एकदा आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, कुणी उठलं नाही. मग वन्सं ट्रे घेऊन आल्या, बारा कप माझ्यापासून क्रमाने दिले आणि स्वतःचा घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसल्या. मी घोट घेतला. साखर नव्हती, पत्ती करपली होती, ती कशी करपते देव जाणे, आणि वर काहीतरी तरंगत होतं.

"वेगळा आहे," मेट्रन म्हणाल्या.

"प्रयत्नाचं स्वागत करायला हवं," वकीलीणबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून दुसरा घोट घेतला. डेपोवाल्या बाई कपात बघत होत्या. सगळ्या घोट घोट गिळत होत्या, मुकाट्याने, बावीस वर्षांच्या तालमीला शोभेल अशा. वन्सं त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी कप खाली ठेवला.

"वन्सं, चहा भिकार झालाय," मी म्हणाले. "आणि सोमवारपासून वर्ग संध्याकाळी सहाला."

मग एकापाठोपाठ एक अकरा कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. वन्संनी आपल्या कपातला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "खरंच भिकार आहे गं." मग त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद पुढे ओढला आणि डेपोवाल्या बाईंना विचारलं, "सहाला जमेल ना?"

"नाही, मॅडम," डेपोवाल्या बाई म्हणाल्या. "साडेसहा."